विश्लेषण : जुन्या गाडीच्या काचेचे रबर आणि कर्जात बुडालेले चार्ल्स गुडइयर

जुनी मोटार दुरुस्तीला काढली की दाराच्या काचेभोवतीचे रबर हमखास बदलावे लागते. ते कडक होते, तडकते. मग काच खडखडते आणि पावसाचे पाणी आत झिरपते. तरीही हे रबर वर्षानुवर्षे ऊन-थंडी सोसते ते चार्ल्स गुडइयर या अमेरिकी संशोधकामुळे. त्यांनी स्वतः मोटार कधी पाहिलीच नाही.

कोण होते गुडइयर?

त्यांचा जन्म २९ डिसेंबर १८०० रोजी कनेक्टिकटमधील न्यू हेवन येथे झाला. फिलाडेल्फियातील त्यांचे हार्डवेअरचे दुकान बुडाले. १८३४ मध्ये त्यांनी न्यूयॉर्कमधील एका रबर कंपनीच्या दुकानात पाण्यात तरंगवणारे रबरी साधन पाहिले आणि त्यासाठी अधिक चांगली झडप तयार केली. पण खरा दोष रबरातच होता. उन्हाळ्यात ते चिकट होऊन पाघळे, थंडीत कडक होऊन तडके.

शोध कसा लागला?

रसायनशास्त्राचे शिक्षण नसलेल्या गुडइयर यांनी हे कोडे सोडवायचे ठरवले. कर्जापायी तुरुंगात गेले, तिथेही प्रयोग केले. नायट्रिक आम्लाच्या प्रक्रियेने थोडे यश आले. सरकारकडून टपालाच्या पिशव्यांचे काम मिळाले. मात्र उष्णतेने त्या पिशव्याही खराब झाल्या. घरात खायची भ्रांत होती. मुलांची शाळेची पुस्तकेही विकावी लागली.

१८३९ मध्ये मॅसॅच्युसेट्समधील वोबर्न येथे गंधक मिसळलेले रबर चुकून तापलेल्या शेगडीला लागले. ते वितळले नाही, चामड्यासारखे झाले. किती उष्णता, किती वेळ, हे ठरवण्यात पुढची काही वर्षे गेली. १५ जून १८४४ रोजी पेटंट मिळाले.

गंधक नेमके काय करते?

कच्च्या रबराचे लांबलचक रेणू उष्णतेत एकमेकांवरून घसरतात. तापवल्यावर गंधक त्यांच्यात पूल बांधते. त्यामुळे रबर दाबले तरी पुन्हा मूळ आकारात येते. काचेला घट्ट चिकटून राहण्यासाठी नेमका हाच गुण लागतो. या प्रक्रियेला ‘व्हल्कनायझेशन’ म्हणतात.

पैसा मिळाला का?

फारसा नाही. इंग्लंडमध्ये थॉमस हॅनकॉक यांनी आधी पेटंट मिळवले. अमेरिकेत १८५२ मध्ये गुडइयर खटला जिंकले, पण कर्ज फिटले नाही. पॅरिसमध्ये १८५५ च्या प्रदर्शनानंतर पुन्हा कर्जापायी तुरुंगवास घडला; फ्रान्सचा मानाचा किताब तिथेच पोहोचला. १ जुलै १८६० रोजी न्यूयॉर्कमध्ये त्यांचे निधन झाले, तेव्हा डोक्यावर सुमारे दोन लाख डॉलरचे कर्ज होते. १८९८ मधील टायर कंपनीने फक्त त्यांचे नाव घेतले. कुटुंबाचा तिच्याशी संबंध नव्हता.

दुरुस्तीत काय लक्षात ठेवावे?

आज दाराचे रबर बहुधा कृत्रिम असते, पण रेणू जोडण्याचे तत्त्व तेच. ऊन आणि हवेतील ओझोन हळूहळू रबराची रचना बिघडवतात. असे तडकलेले रबर तापवून किंवा तेल लावून पूर्ववत होत नाही. ते बदलावेच लागते. उलट, खनिज तेलाने नैसर्गिक रबर फुगते. काच सरकते त्या खाचेत सिलिकॉनचा फवारा मारला, तर काच वर-खाली करणाऱ्या मशीनवर ताण येत नाही. नवे रबर बसवले तरी थोडे पाणी दारात उतरतेच. म्हणून दाराच्या तळाची भोके साफ ठेवावीत. ती बुजली की पत्रा आतून गंजतो.