थ्री नॉट थ्रीच्या नळीतली काजळी आणि विल्यम मेटफर्ड

कॉलेजला एनसीसीत असताना आम्हाला थ्री नॉट थ्री रायफल साफ करायला शिकवलं होतं. दोरीच्या टोकाचं पितळी वजन मागून नळीत सोडायचं, दोरीच्या फासात चार बाय दोन इंचाची चिंधी अडकवायची आणि पुढून एका दमात ओढायची. ही दोरी म्हणजे पुल-थ्रू. ती आणि तेलाची छोटी बाटली रायफलच्या लाकडी बटमधल्या कप्प्यात बसते. पुढे अशा जुन्या पितळी बाटल्या आणि पुल-थ्रू जमवायचा मला नादच लागला. मग प्रश्न पडला, नळीत एवढी घाण येते कुठून? उत्तर शोधताना भेटले विल्यम एलिस मेटफर्ड.

मेटफर्ड १८२४ साली इंग्लंडमधल्या टाँटन गावी जन्मले. पेशाने रेल्वे इंजिनिअर. १८५७ मध्ये ईस्ट इंडियन रेल्वेच्या नोकरीसाठी भारतात आले आणि नेमका तेव्हाच उठाव सुरू झाला. इथे तब्येत इतकी ढासळली की वर्षभरात परत जावं लागलं. रेल्वेचं काम सुटलं आणि त्यांनी आपलं सगळं डोकं रायफलमध्ये घातलं.

मेटफर्ड यांनी काय केलं?

रायफलच्या नळीत आतून पिळदार खाचा असतात. त्यांच्यामुळे गोळी स्वतःभोवती फिरते आणि सरळ जाते. पण त्या काळची काळी दारू जळली की निम्म्याहून जास्त भाग घन कचरा म्हणून उरायचा. तो खाचांच्या कोपऱ्यांत बसायचा आणि नेम बिघडायचा. मेटफर्ड यांनी १८६५ च्या सुमारास साधा उपाय काढला: खाचा उथळ ठेवायच्या आणि गोळी कडक धातूची घ्यायची. पुढे त्यांनी खाचांचे कोपरेही गोलसर केले. कोपराच नाही, तर काजळी अडकणार कुठे?

१८८८ मध्ये ब्रिटिश सैन्याने .३०३ इंच व्यासाच्या नळीची नवी रायफल घेतली. तिचा बोल्ट आणि मॅगझिन जेम्स ली यांचं, नळीतल्या खाचा मेटफर्ड यांच्या. नाव पडलं ली-मेटफर्ड.

मग घोळ कुठे झाला?

थोड्याच वर्षांत काळ्या दारूच्या जागी कॉर्डाइट आलं. त्याची काजळी अगदी कमी, पण उष्णता प्रचंड. त्या उष्णतेने उथळ, गोलसर खाचा भराभर झिजू लागल्या. म्हणून १८९५ मध्ये एनफिल्डच्या सरकारी कारखान्याने खोल, चौकोनी कोपऱ्यांच्या पाच खाचांची नळी आणली. रायफल झाली ली-एनफिल्ड. ली यांचं नाव राहिलं, मेटफर्ड यांचं गेलं, आणि तेही ते हयात असताना. १८९९ मध्ये ते वारले.

आम्ही सॉफ्टवेअरवाले हे रोज बघतो. कोडमध्ये चूक नसते, इनपुट बदललेलं असतं. मेटफर्ड यांचं गणित काळ्या दारूसाठी बरोबर होतं. दारूच बदलली.

काजळी कमी झाली, मग पुल-थ्रू कशाला?

कारण काडतुसाच्या टोपीतल्या रसायनातून नळीत एक क्षार उरायचा. तो मिठासारखा हवेतला ओलावा ओढतो आणि लोखंड गंजतं. हा क्षार तेलात विरघळत नाही, पाण्यात विरघळतो. म्हणून गोळीबारानंतर आधी नळीत उकळतं पाणी ओतायचं, मग चिंधीने कोरडं करायचं आणि शेवटी तेल. हा क्रम चुकला, तर वरून तेलकट दिसणारी नळी आतून गंजते.

माझ्या कपाटातल्या एकाही बाटलीवर मेटफर्ड यांचं नाव नाही. पण ज्या घाणीशी ते तीसेक वर्षं झगडले, तिच्याचसाठी ही बाटली बनली. म्हणून बाटली पुसायला घेतली की मला तेच आठवतात.