सेवाग्रामच्या हॉस्पिटलला ज्यांचं नाव आहे, त्या कस्तुरबांचे शेवटचे १८ महिने कैदेत गेले

हिंगणघाट तालुक्यात कुणाचं दुखणं वाढलं की घरचे पेशंटला घेऊन सेवाग्रामचं कस्तुरबा हॉस्पिटल गाठतात. नाव सगळ्यांच्या तोंडी आहे. पण या कस्तुरबांच्या स्वतःच्या आजारपणात वैद्य बोलवायलाही सरकारची परवानगी लागत होती, हे फार कमी जणांना माहीत असतं.

गोष्ट १९४२ ची. दुसरं महायुद्ध सुरू होतं. ‘भारत छोडो’ची हाक दिली आणि ९ ऑगस्टला पहाटेच मुंबईत गांधीजींना अटक झाली. संध्याकाळी शिवाजी पार्कवर त्यांची सभा होती. ती आपण घेऊ, असं ७३ वर्षांच्या कस्तुरबांनी ठरवलं. पण सभेआधीच पोलिसांनी त्यांना पकडलं. सोबत डॉ. सुशीला नायर होत्या. आर्थर रोड जेलमध्ये बांची तब्येत बिघडली. ११ ऑगस्टला दोघींना पुण्याच्या आगाखान पॅलेसमध्ये आणलं गेलं.

पॅलेस फक्त नावाला. भोवती काटेरी तारा, दारावर पहारा. ना खटला, ना सुटकेची तारीख.

चारच दिवसांत, १५ ऑगस्टला, महादेवभाई देसाई हार्ट अटॅकने गेले. बांना ते मुलासारखे होते. त्यांना आवारातच अग्नी दिला गेला.

या धक्क्यानंतर बांनी कैदेतच घर मांडलं. तुळशीची पूजा, सगळ्यांच्या खाण्यापिण्याकडे लक्ष, फावल्या वेळात कॅरम. लग्नाला साठ वर्षं होत आलेली असताना गांधीजी त्यांना भूगोल शिकवायला बसत. फेब्रुवारी १९४३ मध्ये गांधीजींनी २१ दिवसांचा उपवास केला. तेव्हाही बा तिथेच, त्यांच्यासोबत होत्या.

मग त्यांचं स्वतःचं हृदय थकलं. सेवेसाठी नात्यातल्या मनूला नागपूरच्या जेलमधून पुण्याला आणलं गेलं. पण बांना हवे ते उपचार द्यायचे तर प्रत्येक वेळी सरकारला पत्र लिहावं लागे. आयुर्वेदाचे वैद्य आले, तर त्यांना रात्री आत राहायची परवानगी नव्हती. ते गेटबाहेर गाडीत झोपायचे.

शेवटी पेनिसिलीन आलं. धाकटा मुलगा देवदास यांना ते द्यायचं होतं. पण दर काही तासांनी सुया टोचून बांचे हाल करू नयेत, असं गांधीजींचं मत पडलं. २२ फेब्रुवारी १९४४, महाशिवरात्रीच्या संध्याकाळी बांनी गांधीजींच्या मांडीवर प्राण सोडला. गांधीजींनी कातलेल्या सुताच्या साडीत त्यांना निरोप दिला गेला. त्यांची समाधी महादेवभाईंच्या शेजारीच आहे.

६ मे रोजी सरकारने गांधीजींना सोडलं. बांच्या मृत्यूला तेव्हा जेमतेम अडीच महिने झाले होते.

बांच्या आजारपणात रात्रंदिवस जवळ असलेल्या डॉ. सुशीला नायर यांनीच पुढे सेवाग्रामला कस्तुरबा हॉस्पिटल उभं केलं. १९६९ मध्ये तिथेच मेडिकल कॉलेजही सुरू झालं.