पाखरांचे मित्र डॉ. सलीम अली

बालमित्रांनो, आपल्या शहाडला उल्हास नदीच्या काठी किती तरी पाखरं येतात. काही मुलं त्यांना बेचकीने मारतात. म्हणून मी डॉ. सलीम अली यांची माहिती लिहीत आहे.

त्यांचा जन्म १२ नोव्हेंबर १८९६ रोजी मुंबईस झाला. आईवडील लहानपणीच वारले. मामा-मामींनी त्यांना खेतवाडीत वाढवले. दहा वर्षांचे असताना त्यांनी छर्‍याच्या बंदुकीने एक चिमणी मारली. तिच्या गळ्यावर पिवळा ठिपका होता. ही कोणती चिमणी, हे मामांनाही सांगता येईना. म्हणून ते मुंबईच्या निसर्ग इतिहास संस्थेत गेले. तिथे मिलार्डसाहेबांनी त्यांना चिमणीचे नाव सांगितले, पेंढा भरलेले पुष्कळ पक्षी दाखवले आणि वाचायला पुस्तके दिली. तेव्हापासून त्यांना पाखरांचे वेडच लागले.

मोठेपणी ते जर्मनीला शिकून आले, पण म्युझियममधली नोकरी राहिली नाही. ते खचले नाहीत. १९३० साली ते समुद्रकाठी किहीमला राहिले. तिथे त्यांनी सुगरणीच्या घरट्यांचा अभ्यास केला. नर घरटे अर्धे बांधतो, मादी येऊन बघते, पसंत पडले तरच तो ते पुरे करतो! १९४१ साली त्यांचे भारतीय पक्ष्यांवरचे पुस्तक निघाले.

पाखरे शेताला आणि जंगलाला उपयोगी आहेत हे त्यांनी लोकांना पटवले. दाणे खाणारी सुगरणसुद्धा पिल्लांना किडे-अळ्या भरवते. पावसाळ्यात सागावर अळ्या पडल्या की पानाची नुसती जाळी उरते. साळुंकी, कोतवाल अशी पाखरे अळ्या खातात. पावशा तर केसाळ सुरवंटसुद्धा खातो! विषारी औषध मारले तर अळ्यांबरोबर त्यांना खाणारे चांगले किडेही मरतात आणि पाखरांच्या पोटात विष जाते. माझे मामा हरभऱ्याच्या शेतात टी आकाराच्या काठ्या रोवतात. पाखरे त्यांच्यावर बसतात आणि घाटेअळी टिपतात. त्यांना पगार नाही की भाकरी द्यावी लागत नाही.

सलीम अलींना १९७६ साली पद्मविभूषण मिळाले. २० जून १९८७ रोजी ते वारले.

ज्या हातांनी चिमणी मारली, त्याच हातांनी त्यांनी पाखरांसाठी जन्मभर काम केले. तर मित्रांनो, बेचकी टाकून द्या आणि दारात पाण्याचे भांडे ठेवा.

— इयत्ता ४ थी