हेन्रिएटा लॅक्स : न विचारता घेतलेल्या पेशी

हातावर उठणारी चामखीळ आणि गर्भाशयमुखाचा कर्करोग यांमागे एकाच कुळातील विषाणू असतात. ‘ह्यूमन पॅपिलोमा व्हायरस’ अर्थात ‘एचपीव्ही’ हे त्या कुळाचे नाव. त्याच्या शंभरहून अधिक प्रकारांपैकी बहुतेक फारसे अपायकारक नाहीत. मात्र अठराव्या प्रकाराने हेन्रिएटा लॅक्स यांचा बळी घेतला आणि पुढे त्याची ओळख पटविण्यात त्यांच्याच पेशींचा वाटा राहिला.

१ ऑगस्ट १९२० रोजी अमेरिकेतील व्हर्जिनिया राज्यात एका गरीब कृष्णवर्णीय कुटुंबात त्यांचा जन्म झाला. चार वर्षांच्या असताना आईचे छत्र हरपले. आजोबांकडे राहून तंबाखूच्या शेतात राबतच त्या वाढल्या. १९४१ मध्ये डेव्हिड लॅक्स यांच्याशी विवाह झाल्यावर हे दाम्पत्य बाल्टिमोरजवळ स्थायिक झाले.

पाचव्या बाळंतपणानंतर, जानेवारी १९५१ मध्ये त्या रक्तस्रावाची तक्रार घेऊन जॉन्स हॉपकिन्स रुग्णालयात गेल्या. कृष्णवर्णीयांसाठी तेथे वेगळे कक्ष होते. तपासणीत गर्भाशयमुखाचा कर्करोग आढळला. उपचारांच्या वेळी डॉक्टरांनी गाठीचा तुकडा काढला. त्यांची संमती मात्र घेतली नाही. तशी ती घेण्याची प्रथाही तेव्हा नव्हती. ४ ऑक्टोबर १९५१ रोजी, अवघ्या ३१व्या वर्षी त्यांचे निधन झाले.

त्या तुकड्यातील पेशी मात्र डॉ. जॉर्ज गाय यांच्या प्रयोगशाळेत अखंड वाढत राहिल्या. ‘हेला’ या नावाने त्या जगभर पोहोचल्या, पोलिओ लसीच्या चाचण्यांत उपयोगी पडल्या. कुटुंबीयांना याचा पत्ता लागला तो दोन दशकांनंतर.

१९८४ मध्ये जर्मनीत हॅराल्ड त्सुर हाउझेन यांच्या चमूला कर्करोगाच्या गाठींत एचपीव्ही-१८ सापडला. ‘हेला’ पेशींतही तोच दडलेला होता. या संशोधनासाठी त्सुर हाउझेन यांना २००८ चे नोबेल मिळाले. त्याआधीच, २००६ मध्ये प्रतिबंधक लस उपलब्ध झाली होती. पुण्याच्या सीरम इन्स्टिट्यूटची २०२३ मध्ये आलेली लस १६ व १८ या कर्करोगकारक प्रकारांपासून, तसेच जननेंद्रियांवर चामखिळी आणणाऱ्या ६ व ११ या प्रकारांपासून संरक्षण देते.

लॅक्स यांच्या कबरीवर नावाचा दगड बसला तो २०१० मध्ये. रुग्णाच्या शरीरातून काही घेण्यापूर्वी त्याला विचारले पाहिजे, हा आज सर्वमान्य झालेला दंडक त्यांच्या वाट्याला आला नाही.