नाना फडणवीस : पेशवाईचा डेटाबेस अ‍ॅडमिनिस्ट्रेटर

नाना फडणवीस म्हटलं की आपल्याला आठवतो तो साडेतीन शहाण्यांपैकी 'अर्धा' शहाणा. पण डीबीएमएसच्या पेपरसाठी 'रेप्लिकेशन' वाचताना मला हा माणूस वेगळाच दिसू लागला. हेड ऑफिस एकीकडे, शाखा लांब, मधली लाइन कधी चालू तर कधी बंद. तरी दोन्हीकडची नोंद एकच असली पाहिजे! हे काम नानांनी बोरू आणि कागदावर सांभाळलं.

बाळाजी जनार्दन भानू हे त्यांचं पूर्ण नाव. जन्म १७४२, सातारा. १७५६ मध्ये वडील वारले आणि चौदाव्या वर्षी फडणिशी अंगावर आली. १७६१ मध्ये पानिपतावरून ते कसेबसे जिवंत परतले, आई मात्र तिथेच अंतरली. १७७३ मध्ये नारायणराव पेशव्यांचा खून झाल्यावर बारभाईंच्या कारभारात त्यांनी राज्य सावरलं. हे सगळं शाळेत असतं. पुण्याचं हुजूर दफ्तर मात्र एका ओळीत उरकतात.

आता ही सिस्टिम बघा. परगण्याचा कारभार मामलेदाराकडे. पण त्याच्याच कचेरीत मुजुमदार, फडणीस, दफ्तरदार असे दरकदार असत आणि त्यांना काढून टाकायचा अधिकार मामलेदाराला नव्हता. मुजुमदार हिशेब तपासणार, फडणीस रोजकीर्द लिहिणार, त्यावरून दफ्तरदार खतावणी करून दरमहा गोषवारा पुण्याला पाठवणार. वर्षअखेर फडणीस वह्या घेऊन हुजुरात हजर! म्हणजे एकच व्यवहार वेगवेगळ्या हातांनी लिहिला जायचा. एकाने आकडा फिरवला तर दुसऱ्याच्या कागदात तो सापडण्याची सोय होती. शिवाय हिशेबाचं साल सगळीकडे मृगापासून सुरू व्हायचं. आपल्या भाषेत सांगायचं तर टाइमस्टॅम्पचा घोळ नाही.

नोंदी जुळल्या नाहीत तर काय होतं, याचं उदाहरण आमच्या मराठवाड्याशी जोडलेलं आहे. मी जालन्याचा, मस्तगडचा. हा गड काबिलखानाने १७२५ मध्ये निजाम आसफजाहच्या हुकमाने बांधला. निजामाच्या मुलखातल्या वसुलात चौथाईचा हिस्सा मराठ्यांचा. वर्षानुवर्षांची थकबाकी साचली. पुण्याने काढलेला आकडा हैदराबादला मान्य होईना. इथे एकाच छताखालचे दरकदार नव्हते, दोन्ही बाजूंना मान्य असा मध्यस्थही नव्हता. अखेर मार्च १७९५ मध्ये खर्ड्याला तोफांनी हिशेब झाला. निजाम हरला, थकबाकी कबूल करावी लागली. नानांच्या कारकिर्दीतला हा सर्वांत मोठा विजय. पण वह्यांवर मिटायचा वाद रणांगणावर गेला आणि त्यात माणसं मेली, हेही विसरून चालणार नाही.

त्याच वर्षी सवाई माधवराव गेले आणि नानांचे दिवस फिरले. १७९७ च्या अखेरीस दौलतराव शिंद्यांनी त्यांना कैद केलं. पुढच्या वर्षी सुटका झाली, पण १३ मार्च १८०० रोजी पुण्यात त्यांचं निधन झालं.

पुढे दुसऱ्या बाजीरावाने वसुली मक्त्याने द्यायला सुरुवात केली. जास्त बोली लावेल त्याला परगणा! मक्तेदाराने ठरलेली रक्कम भरली की झालं, मग रोजची वही पुण्याला कोण कशाला दाखवतो? हुजूर दफ्तरातले कारकून कमी केले, कागद लोक घेऊन जाऊ लागले. रयतेकडून किती उकळलं, हे ताडून बघायला केंद्राकडे कागदच उरला नाही. इंग्रज आले तेव्हा त्यांनाही हाच फरक दिसला : नानांच्या काळातलं दफ्तर चोख, नंतरचं विस्कळीत.

मला यातून एवढंच कळलं की सिंक ही एकदा बसवून सोडून द्यायची गोष्ट नाही. शाखेने रोज लिहायचं, केंद्राने रोज ताडायचं आणि तपासणाऱ्याची नोकरी तपासला जाणाऱ्याच्या हातात द्यायची नाही. पुढच्या सेमला प्रोजेक्ट करताना टेबलं काढण्याआधी हे तिसरं कलम जरूर लिहून ठेवा. सॉफ्टवेअर कोणतंही घ्या, ते कलम त्यात आयतं मिळत नाही.