अनुताईंची शाळा

मी मनोरचा. अंगणवाडी म्हणजे लहान मुलांची खिचडीवाली शाळा, एवढंच माझं ज्ञान! या कल्पनेचं मूळ आपल्याच डहाणू तालुक्यात आहे हे मला इंजिनिअरिंगच्या दुसऱ्या वर्षाला कळलं, आणि तेही चांगली फजिती झाल्यावर.

होस्टेलच्या मागे बांधकाम चालू होतं. जव्हार-मोखाड्याकडून कामाला आलेली कुटुंबं तिथेच झोपड्या बांधून राहायची. आम्ही चौघांनी त्यांच्या मुलांसाठी रविवारी मेसमध्ये वर्ग काढला. पहिल्या रविवारी अकरा मुलं आली, तिसऱ्या रविवारी एकही नाही. त्यातली एक मुलगी धाकट्या भावाला कडेवर घेऊन यायची. तो रडायचा, म्हणून मीच तिला त्याला घरी ठेवून यायला सांगितलं. ती परत आलीच नाही. यांना शिकायचंच नाही, असं म्हणून आम्ही मोकळे झालो.

नंतर लायब्ररीत अनुताई वाघांचं 'कोसबादच्या टेकडीवरून' हे आत्मचरित्र हाताला लागलं. जन्म १९१० चा, मोरगावचा. तेराव्या वर्षी लग्न आणि सहा महिन्यांत वैधव्य. त्या काळात अशा मुलीचं आयुष्य तिथेच संपायचं. पण अनुताई शिकल्या, शिक्षिका झाल्या, पुण्याला हुजूरपागेत शिकवू लागल्या. १९४५ मध्ये ती बरी चाललेली नोकरी सोडून त्या ताराबाई मोडकांबरोबर बोर्डीला आल्या आणि पुढे कोसबादच्या टेकडीवर, वारली पाड्यांमध्ये, कायमच्या राहिल्या.

तिथेही मुलं शाळेत येत नव्हती. पण या दोघींनी मुलांना दोष दिला नाही, शाळाच बदलली. मुलं येत नाहीत ना, मग शाळा पाड्यावर, त्यांच्या अंगणात भरवली. गुरं राखणाऱ्या पोरांसाठी कुरणात शाळा. शिकवायला पानं, बिया, खडे, शंख-शिंपले. आणि धाकट्या भावंडांना सांभाळावं लागतं म्हणून मुली येत नाहीत, हे कळल्यावर पाळणाघर, बालवाडी आणि शाळा एकाच आवारात आणली. हे वाचलं आणि मला ती कडेवरचं मूल घेऊन उभी असलेली मुलगी आठवली. आपण सगळे इथे डिझाईन शिकतो, पण वापरणारा कोण हे मी बघितलंच नव्हतं!

ताराबाई १९७३ मध्ये गेल्या. अनुताईंना १९८५ मध्ये पद्मश्री मिळाली. १९९२ मध्ये त्या वारल्या.

आमच्या मागचं ते बांधकाम संपलं, कुटुंबं दुसऱ्या साईटवर गेली. त्या मुलीचं नावसुद्धा मी विचारलं नव्हतं, याची आजही लाज वाटते.

यंदा नवीन काम सुरू झालंय. आता आम्ही मेसमध्ये वर्ग घेत नाही, झोपड्यांसमोरच बसतो. एक चटई जास्तीची नेतो, धाकट्यांसाठी. कुणाला यायचं असेल तर रविवारी सकाळी नऊला होस्टेलच्या मागच्या गेटवर या. सरांनी, मॅडमनी आलात तर फारच छान!