अंबरसिंग महाराज: शहाद्याच्या भिल्लांना जमिनीसाठी उभं करणारा माणूस

आज सातबारा मोबाईलवर दिसतो. पण ५०-५५ वर्षांपूर्वी शहादा तालुक्यातल्या अनेक भिल्ल कुटुंबांना आपल्या जमिनीचं कागदोपत्री काय झालंय, हेच ठाऊक नव्हतं. अडीअडचणीला घेतलेलं धान्य, उधारीची दारू आणि कोऱ्या कागदावरचा अंगठा, एवढ्यावर जमिनी हातातून गेल्या होत्या. मूळ मालक त्याच शेतात सालदार, म्हणजे वर्षभरासाठी बांधलेला गडी झाला होता.

याच भागातल्या पाडळदे गावचे अंबरसिंग सुरतवंती. स्वतः भिल्ल. तरुणपणी ते सर्वोदयाच्या कामात होते. भजनांमुळे लोक त्यांना महाराज म्हणू लागले. भजनाला जमलेल्या माणसांशी ते दारू, कर्ज, मारहाण आणि स्त्रियांवरचे अत्याचार यांबद्दल बोलत. यातूनच आदिवासींची स्वतःची संघटना आकाराला आली.

मे १९७१ मध्ये पाटीलवाडीत धान्यावरून वाद पेटला. जमीनदारांच्या बाजूने गोळीबार झाला आणि एका भिल्लाचा जीव गेला. या घटनेनंतर शहाद्याचा प्रश्न महाराष्ट्रभर पोहोचला. बाहेरून सर्वोदयी कार्यकर्ते आणि शिकलेले तरुण मदतीला आले.

३० जानेवारी १९७२ रोजी शहाद्यात भूमुक्ती मेळावा झाला. त्याच वर्षी श्रमिक संघटना स्थापन झाली. गेलेल्या जमिनींचे कागद तपासून त्या परत मिळवणं, सालदारांची मजुरी वाढवणं, दुष्काळात रोजगार हमीची कामं मागणं, असे लढे सुरू झाले. बायकांनी गावोगावी दारूची मडकी फोडली.

अमेरिकेतल्या कृष्णवर्णीयांच्या ब्लॅक पँथरपासून प्रेरणा घेतलेली दलित पँथर मुंबईत उभी राहिली, तेही १९७२ सालच. आपल्या माणसांचं नेतृत्व आपल्यातूनच यावं, ही जाणीव मुंबईच्या झोपडपट्टीत होती तशी सातपुड्याच्या पायथ्यालाही होती.

१९७४ मध्ये, ऐन तरुण वयात अंबरसिंग गेले. त्याच सुमारास कायदेही बदलले. १९७४ च्या दुरुस्तीने आदिवासींची जमीन बिगर आदिवासींकडे जाण्यावर कडक बंधनं आली, तर १९७५ च्या कायद्याने १ एप्रिल १९५७ ते ६ जुलै १९७४ या काळात गेलेल्या जमिनी परत मिळण्याची वाट खुली झाली.

१९९८ मध्ये धुळ्यातून नंदुरबार हा वेगळा जिल्हा झाला. इथे आजही जमिनीचा आणि वनहक्काचा मोर्चा निघतो. त्याची पायवाट अंबरसिंगांच्या पिढीने पाडलेली आहे.